मूकपटातली माणसं धावतात का, आणि ‘राजा हरिश्चंद्र’ नेमका किती मिनिटांचा?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: गावच्या वाचनालयात मूकपटांचा छोटा कार्यक्रम ठरलाय, ‘राजा हरिश्चंद्र’ची एक फाईल हाताशी आहे, पेटी आणि तबला वाजवणारे दोघं तयार आहेत. पण चित्रातली सगळी माणसं लगबगीने धावतायत. तेव्हा ती अशीच दिसायची का? गती किती ठेवायची? आणि हा सिनेमा कुठे ४० मिनिटांचा लिहिलेला आढळतो, कुठे तासाभराचा, खरं काय?

प्रश्न तीन असले तरी गाठ एकच आहे. मिनिट हे त्या काळच्या सिनेमाचं माप नव्हतंच. माप होतं फूट. अमुक फुटांची मिनिटं किती होणार, ते कॅमेऱ्याचं आणि प्रोजेक्टरचं हँडल फिरवणाऱ्याच्या मनगटावर अवलंबून. त्यामुळे तुम्ही मला एक आकडा मागताय आणि मी तुम्हाला तो लगेच देऊ शकत नाही. शेवटी देईन, पण तो माझा अंदाज असेल आणि तुमच्याकडची फाईल कुठून, कशी तयार झाली यावर तो बदलेल.

माझ्याबद्दल एवढंच, की अकरा वर्षं तालुक्याच्या थिएटरात केबिनमध्ये काढली, आधी रीळ गुंडाळणारा पोऱ्या म्हणून आणि मग ऑपरेटर म्हणून. पुढची वीसेक वर्षं फिल्मवरून व्हिडिओ उतरवण्याच्या आणि नंतर स्कॅनिंगच्या कामात गेली. मूकपटांच्या गतीवरून मी स्वतः चुका केल्यात. त्यातली एक पुढे सांगतो.

आधी फुटांचा हिशेब उरकू, कारण तो पक्का आहे. ३५ मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात १६ फ्रेम, म्हणजे एकेक सुटी छायाचित्रं, बसतात. हे माप एडिसनच्या कारखान्यात डिक्सनने ठरवलं तेव्हापासून बदललेलं नाही. म्हणजे सेकंदाला १६ फ्रेमच्या गतीने रीळ चालवलं तर एका फुटाला बरोबर एक सेकंद लागतो. केबिनमधल्या माणसाला हे पाठ असायला हरकत नाही: फुटाला सेकंद. हजार फुटांचं रीळ या गतीने १६ मिनिटं ४० सेकंद चालतं. तेच रीळ बोलपटाच्या, म्हणजे सेकंदाला २४ फ्रेमच्या गतीने चालवलं तर ११ मिनिटं ७ सेकंदांत संपतं. रीळ तेच, फ्रेम तेवढ्याच, साडेपाच मिनिटं गायब.

‘राजा हरिश्चंद्र’ची नोंदलेली लांबी ३,७०० फूट, चार रिळं. आता कागद-पेन्सिल घ्या. १६ च्या गतीने ३,७०० सेकंद, म्हणजे ६१ मिनिटं ४० सेकंद. १८ ने साधारण ५५ मिनिटं. २० ने ४९ मिनिटं २० सेकंद. २४ ने ४१ मिनिटं. आणि आपल्याकडच्या टीव्हीच्या २५ च्या गतीने साडेएकोणचाळीस. सगळीकडे छापून येणारी ‘४० मिनिटं’ कुठून आली असतील, ते या ओळीत दिसतं. माझ्या मते कुणीतरी फुटांना बोलपटाच्या गतीने भागलं आणि तो आकडा पुढे जो तो उतरवत गेला. १९१३ साली गिरगावच्या कोरोनेशन थिएटरात बसलेल्या माणसाचा त्या ४० मिनिटांशी काही संबंध नाही.

याला एक गमतीदार साक्षीदार आहे, तो म्हणजे खुद्द फाळक्यांची जाहिरात. हा सिनेमा घेऊन ते सुरतेला गेले तेव्हा लोक फिरकेनात. नाटक सहा तास चालतं आणि दोन आण्यांत बघायला मिळतं, तर एवढ्याशा खेळाला तीन आणे कोण देणार, असा तिथला सूर. मग फाळक्यांनी जाहिरात फिरवली: ५७,००० छायाचित्रांचा खेळ, दोन मैल लांबीचं चित्र, आणि हे सगळं फक्त तीन आण्यांत. लोकांनी गर्दी केली. आता हा ५७,००० चा आकडा १६ ने भागा. ३,५६२ फूट येतात. नोंदलेल्या ३,७०० फुटांच्या किती जवळ! म्हणजे छायाचित्रांच्या बाबतीत फाळके जवळजवळ काटेकोर होते. दोन मैलांच्या बाबतीत मात्र व्यापारी होते. दोन मैल म्हणजे साडेदहा हजार फूट, आणि रीळ पाऊण मैलही भरत नव्हतं. मला ही जाहिरात फार आवडते. नाटकवाल्यांशी सामना होता आणि नाटकवाले तासांत मोजत होते. फाळक्यांनी मापच बदलून टाकलं. तास सांगितलेच नाहीत, फोटो मोजून दाखवले.

बरं, कोरोनेशनमधला खेळ दीड तासाचा होता असं वाचाल, तर गोंधळू नका. त्यात सिनेमाखेरीज मिस आयरीन डेल मारचं नृत्य, मॅक्लेमेंट्स यांचं विनोदी स्केच, पायांनी वस्तू झेलणारा अलेक्झांडर आणि काही विनोदी फिल्म अशी इतर करमणूक होती. खेळाची लांबी आणि सिनेमाची लांबी या दोन वेगळ्या गोष्टी.

आता मनगटाकडे येऊ.

पॅरिसमध्ये २८ डिसेंबर १८९५ रोजी ल्युमिएर बंधूंनी तिकीट लावून खेळ केला, आणि ७ जुलै १८९६ रोजी त्यांच्याच मारियस सेस्तिए या प्रतिनिधीने मुंबईत वॉटसन हॉटेलमध्ये रुपया तिकिटाने सहा फिल्म दाखवल्या. या दोन्ही खेळांत यंत्राला मोटर नव्हती. दांडा होता. हाताने फिरवायचा, साधारण १६ च्या आसपास. एकेक फिल्म पन्नासेक सेकंदांची. वॉटसनच्या यादीत एक भिंत पाडण्याची फिल्म होती. ल्युमिएरची माणसं ती फिल्म उलटी फिरवून धुळीतून भिंत पुन्हा उभी करून दाखवायची आणि लोक खुर्चीवरून उठायचे. दांडा हातात असला की काळ हातात असतो, हे त्यांना पहिल्या वर्षातच कळलं होतं. एडिसनच्या किनेटोस्कोपचं गणित वेगळं. पेटीत डोळा लावून एकट्याने बघायचं ते यंत्र, त्याला विजेची मोटर, आणि गती ४० फ्रेमच्या आसपास. सांगायचा मुद्दा, सुरुवातीपासून सर्वमान्य गती अशी नव्हतीच. एकाच रुंदीच्या दोन पट्ट्या, एक १६ ने तर दुसरी ४० ने.

पुढे कॅमेऱ्यांमध्ये एक रिवाज पडला: दांड्याच्या एका फेऱ्यात आठ फ्रेम. सेकंदाला दोन फेरे मारले की १६. तबलजीला सांगायचं तर एका फेऱ्यात केरव्याच्या आठ मात्रा. सेकंदाला दोन फेरे म्हणजे कवायतीत ‘डावा-उजवा’ म्हणतात तेवढीच लय, मिनिटाला १२० ठोके. एकदा हातात धरून बघाल तर कळेल, पहिला मिनिटभर सोपं जातं. फाळक्यांनी लंडनहून आणलेला विल्यमसन कॅमेरा असाच दांड्याचा. ‘राजा हरिश्चंद्र’च्या वेळी त्यामागे त्र्यंबक तेलंग उभे होते, आणि हे काम ते फाळक्यांकडेच शिकलेले. म्हणजे आपण ज्या गतीवर इतकं बोलतोय ती एका नवशिक्या माणसाच्या उजव्या हाताची गती आहे. शिवाय कच्ची फिल्म भोकं न पाडलेली यायची. ती भोकं रात्री अंधारात सरस्वतीबाई फाळके पाडायच्या. घरात, हाताने चालवायच्या यंत्रावर. अशी पट्टी कॅमेऱ्यातून जाताना जरा डुलणारच. चित्र हलतं म्हणून तुमच्या प्रोजेक्टरला दोष देऊ नका.

त्यातून उजेडाची भानगड. चित्रीकरण सगळं सूर्यप्रकाशात. ढग आला, ऊन उतरलं, तर फिल्मला प्रकाश कमी पडतो. उपाय काय? दांडा जरा सावकाश फिरवायचा, म्हणजे प्रत्येक फ्रेमला जास्त वेळ उजेड मिळतो. १६ ऐवजी १३-१४ ने घेतलेला प्रसंग पडद्यावर इतरांच्याच गतीने चालवला की माणसं लगबगीने वावरतात. म्हणून एकाच सिनेमात सकाळचा प्रसंग नीट आणि सायंकाळचा घाईत, असं होऊ शकतं. उलट काही ठिकाणी ही घाई मुद्दाम केलेली असते. अमेरिकेतल्या कीस्टोन कंपनीच्या विनोदी फिल्ममधले पोलीस धावताना जे फरफटतात, ते तसेच दिसावेत म्हणून कॅमेरा सावकाश फिरवलेला आहे. तिथे तुम्ही गती ‘सुधारायला’ गेलात तर विनोद मेला म्हणून समजा.

इथवर कॅमेरा झाला. प्रोजेक्टरवर दुसरा माणूस आणि त्याचा दुसरा हात. कॅमेऱ्याची गती आणि प्रोजेक्टरची गती एकच असली पाहिजे असं त्या काळी कुणी मानत नव्हतं. बऱ्याच थिएटरांत चित्र घेतलेल्या गतीपेक्षा थोडं जोरातच दाखवायचे. एक कारण शटरचं. फ्रेम बदलताना उजेड झाकावा लागतो, ती उघडझाप डोळ्यांना टोचू नये म्हणून सेकंदाला ४८ च्या आसपास व्हायला हवी. १६ च्या गतीला तीन पात्यांचं शटर लावलं की सोळा त्रिक अठ्ठेचाळीस. ते नसेल तर गती वाढवा, लुकलुक कमी होते. दुसरं कारण केबिनमधल्या प्रत्येकाला ठाऊक आहे: शेवटचा खेळ. माझ्या वेळी मोटर होती म्हणून, नाहीतर रात्री साडेबाराला दांडा हातात असता तर मीही नायकाला पळवलं असतं.

बोलपट आला आणि हा सगळा खेळ संपला. डोळा गतीतला थोडा फरक चालवून घेतो, कान घेत नाही. गाण्याची गती जरा हलली की सूर चढतो-उतरतो आणि शेवटच्या रांगेतला माणूसही शिट्टी मारतो. म्हणून अमेरिकेत वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या मंडळींनी आवाजाची यंत्रणा बसवताना मिनिटाला ९० फूट, म्हणजे सेकंदाला २४ फ्रेम, हा आकडा पक्का केला. यात शास्त्र कमी आणि व्यवहार जास्त होता. तेव्हाच्या मोठ्या थिएटरांत रिळं तशीही मिनिटाला ८०-९० फुटांनी धावत होती. आपल्याकडे १४ मार्च १९३१ ला मॅजेस्टिकमध्ये ‘आलम आरा’ लागला आणि पुढच्या वर्षी प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ आला. मनगट गेलं, मोटर आली. यंत्रं बदलली तसं जुन्या मूकपटांना त्यांच्या गतीने चालवणारं यंत्रच हळूहळू थिएटरांतून नाहीसं झालं. पुढे जेव्हा कुणी ते दाखवले, तेव्हा २४ वर दाखवले. टीव्हीवर २५. तीन पिढ्यांनी मूकपट धावतानाच पाहिले आणि ‘तेव्हाचे सिनेमे असेच असायचे’ हा समज घट्ट बसला.

आता माझी चूक. टेलिसिनेवर, म्हणजे फिल्मवरून व्हिडिओ उतरवायच्या यंत्रावर असताना एका कुटुंबाची १६ मिलिमीटरवरची घरगुती फिल्म आली. १९३० च्या दशकातली, आवाज नसलेली, वाड्यातली मुंज. मी ती सरळ २५ वर उतरवून दिली. यंत्र त्याच गतीला लावलेलं होतं आणि बाहेर रांग होती. आठवड्याने सत्तरीच्या एक बाई कॅसेट घेऊन परत आल्या. भांडल्या नाहीत. म्हणाल्या, “चित्र छान आलंय हो, पण हे आमचे अण्णा नाहीत. अण्णा डावा पाय ओढत चालायचे. हे बघा, कसे टुणटुण चाललेत.” मी पुन्हा लावून बघितलं. २५ वर पाय ओढणं दिसतच नव्हतं, नुसती एक उडी दिसत होती. १६ वर आणलं तेव्हा अण्णा पाय ओढत तुळशीवृंदावनापर्यंत आले, थांबले, उपरणं सारखं केलं. बाई काही बोलल्या नाहीत. मी पैसे घेतले नाहीत. त्या दिवसापासून मी गती ठरवताना आधी पाय बघतो.

तुम्हीही तेच करा. पण त्याआधी फाईल तपासा. व्हीएलसी या व्हिडिओ चालवायच्या सॉफ्टवेअरमध्ये चित्र थांबवून ‘ई’ची कळ दाबत गेलात की एकेक फ्रेम पुढे सरकते. एका सेकंदातल्या सगळ्या फ्रेम मोजा आणि त्यातल्या वेगळ्या किती, तेवढंच बघा. पंचवीसच्या पंचवीस वेगळ्या असतील तर कुणीतरी फिल्मची प्रत्येक फ्रेम व्हिडिओच्या एकेका फ्रेमवर बसवली आहे, माझ्यासारखीच. अधूनमधून तीच फ्रेम दोनदा येत असेल तर गती आधीच कमी केलेली आहे. वेगळ्या फ्रेम सोळा निघाल्या तर १६ ची, अठरा निघाल्या तर १८ ची. अशा फाईलला तुम्ही आणखी मंद केलंत तर राजा पाण्याखाली चालल्यासारखा दिसेल. आणि एखाद्या फ्रेममध्ये दोन हात, दोन चेहरे एकमेकांवर सांडलेले दिसले, तर ती फाईल मिसळून बनवलेली आहे. तिच्यावर कष्ट करू नका, दुसरी मिळवा.

फाईल सरळ, म्हणजे सगळ्या फ्रेम वेगळ्या असलेली निघाली असं धरू. मग पावलं मोजा. रमतगमत नाही आणि घाईतही नाही, असं चालणारं मोठं माणूस मिनिटाला शंभर-एकशे दहा पावलं टाकतं, म्हणजे दहा सेकंदांत सतरा-अठरा. १६ ने घेतलेलं चित्र २५ वर चाललं की तीच दहा सेकंदांतली पावलं सत्तावीस होतात. हे मोजायला गणिती असावं लागत नाही. दासी, सेवक, गर्दीतले लोक यांची पावलं मोजा. राजाची मोजू नका. राजा नाटकातला आहे, तो मुद्दाम मोठ्या थाटात चालतो.

पडणाऱ्या वस्तूवरून आणखी पक्कं कळतं, कारण पृथ्वी नाटक करत नाही. छातीच्या उंचीवरून, म्हणजे साधारण चार फुटांवरून सुटलेली वस्तू जमिनीवर यायला अर्धा सेकंद घेते. ती सुटल्यापासून टेकेपर्यंत किती फ्रेम गेल्या ते मोजा. आठ गेल्या तर कॅमेरा १६ ने फिरत होता, नऊ म्हणजे १८, दहा म्हणजे २०. उंचीचा अंदाज थोडा चुकला तरी फार बिघडत नाही. ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामती आणि तिच्या दासी हौदात अंघोळ करतायत आणि राजा तिथे येतो असा प्रसंग आहे. (तारामती म्हणजे अण्णा साळुंके, ग्रँट रोडच्या एका खाणावळीत काम करणारे, दासीही पुरुषच.) त्यात उडणारं पाणी बघा. वर उडालेलं पाणी लगेच खाली झपकन येत असेल तर गती जास्त आहे. पाणी क्षणभर वर रेंगाळून मग पडतं. आगीवरून मात्र काही ठरवू नका, ज्वाळा कुठल्याही गतीला खऱ्याच वाटतात.

तिसरी खूण पाट्यांची. मधे मधे येणारी हिंदी-इंग्रजी अक्षरं मोठ्याने, दुसऱ्याला ऐकू जाईल अशी वाचा. त्या काळी वाचता येणारा माणूस शेजारच्या न वाचता येणाऱ्यासाठी वाचायचा. वाचून होण्याआधीच पाटी गेली तर गती जास्त. पण पाट्या नंतर बदललेल्या, छाटलेल्याही असतात, म्हणून या खुणेला मी तिसरा नंबर देतो.

एक गोष्ट ध्यानात ठेवा, तुमच्याकडे जे आहे तो अख्खा सिनेमा नाही. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात पहिलं आणि शेवटचं रीळ तेवढं टिकलंय, आणि काही अभ्यासकांच्या मते तीही १९१३ ची नसून फाळक्यांनी १९१७ साली पुन्हा केलेल्या आवृत्तीची आहेत. म्हणून कार्यक्रमात ‘भारतातला पहिला चित्रपट, संपूर्ण’ असं जाहीर करू नका. वाचनालयात असं पकडणारा एकतरी सभासद असतोच. हे आधीच दोन वाक्यांत सांगून टाका, लोकांना उलट रस वाटतो.

आता तुमचा आकडा. मी तुमच्या जागी असतो तर १८ ने सुरुवात केली असती. १६ ही कॅमेऱ्याची गती म्हणून बरोबर असेलही, पण आजचं प्रेक्षकमन आणि त्यात नाटकी हावभाव, १६ वर चित्र कधीकधी बसल्यासारखं वाटतं. थिएटरात ते थोडं जोरातच दाखवत असत, तेव्हा १८ म्हणजे इतिहासाशी बेइमानी नाही. पावलं अजून घाईत वाटली तर १६ वर या. २० च्या वर या फाईलला जाऊ नका. हे माझं मत झालं. माझा एक जुना सहकारी शपथेवर १६ सांगेल, आणि आमचं यावरून पंधरा वर्षं भांडण आहे.

प्रत्यक्ष करायचं कसं, तर फाईल २५ ची आणि सरळ असेल तर व्हीएलसीत वेग ०.७२ ठेवा, हे झाले १८. १६ साठी ०.६४, २० साठी ०.८०. फाईल २४ ची असेल तर अनुक्रमे ०.७५, ०.६७ आणि ०.८३. एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये करणार असाल तर फ्रेम मिसळण्याचा किंवा मधल्या फ्रेम नव्याने तयार करण्याचा पर्याय बंद ठेवा. तो चालू असेल तर चित्र साबणासारखं गुळगुळीत होतं आणि दासीच्या हाताला सहावं बोट फुटतं. फ्रेम दोनदा दाखवून गती कमी केली तर हलकासा धक्का जाणवतो. जाणवू द्या. प्रत्येक प्रसंगाला वेगळी गती देण्याच्या मोहात पडू नका. एखादा प्रसंग अगदीच धावत असेल तर तेवढाच वेगळा करा.

शेवटी तुमचे वादक. त्यांना पडद्याकडे पाठ करून बसवू नका, हे मी बघितलंय आणि ते वाईट दिसतं, त्याहून वाईट ऐकू येतं. बाजूला, तिरपे, पडदा दिसेल असे बसवा. पेटीच्या कागदावर दिवा लागेल तो झाकलेला ठेवा. गती ठरवताना तबलजीला शेजारी घ्या. मी सांगतो ते मोजमाप तुम्ही करा, पण दोन-तीन गती त्याच्यासमोर चालवून बघा आणि ठेका धरायला सांगा. माणसांच्या चालीवर ज्या गतीला त्याचा हात आपोआप बसतो, ती बहुतेक बरोबर निघते. तालमीच्या दिवशी ठरलेला आकडा फाईलच्या नावातच लिहून ठेवा, कारण कार्यक्रमाच्या संध्याकाळी लॅपटॉप कुणा दुसऱ्याच्या हातात असेल आणि व्हीएलसी दरवेळी १.०० वरच उघडतं.